परदेशात असुरक्षित? आधी विचारा, कुणापासून?

परदेशात एखाद्या भारतीय विद्यार्थ्यावर हल्ला झाला की आपल्या वृत्तवाहिन्यांवर दोन दिवस एकच पट्टी फिरते: 'परदेशातले भारतीय असुरक्षित'. तीच चित्रफीत पुन्हा पुन्हा दाखवतात, मागे धडधडणारं संगीत असतं. तिकडे मेलबर्न, लंडन, लीड्समध्ये शिकणारी आपली मुलं घरी फोन करून सांगतात, "आई, मी बरी आहे, आत्ताच लायब्ररीतून आले." आईचा विश्वास बसत नाही. "खोटं नको सांगू, मी टीव्हीवर बघितलं."

या दोघींपैकी खरं कोण, हा केवळ एका घरातला वाद नाही. आम्हाला तो आंबेडकरी चळवळीचा प्रश्न वाटतो. राज्य सरकारच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीत अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी दरवर्षी ७५ जागा असतात. त्या मिळवायला पोरं वर्षवर्ष झिजतात आणि ऐन वेळी घरचे बातम्या पाहून कच खातात. मुलगी असेल तर विचारायलाच नको. २०२४ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडमध्ये दंगली पेटल्या, तेव्हा आमच्या अभ्यासिकेतल्या एका मुलीच्या हातात तिथल्या विद्यापीठाचं प्रवेशपत्र होतं. मामांनी निकाल दिला, "इथंच कर एमए." ती गेली नाही.

बातमी खोटी होती का? नाही. २९ जुलै २०२४ ला साउथपोर्टमध्ये लहान मुलींवर चाकूहल्ला झाला, हल्लेखोर आश्रयाला आलेला परदेशी आहे अशी अफवा पसरवली गेली आणि मशिदी, निर्वासितांची हॉटेलं, काळ्या-सावळ्या माणसांची दुकानं लक्ष्य झाली. भारतीय उच्चायुक्तालयानेही सावधगिरीची सूचना काढली. पण ७ ऑगस्टच्या रात्री हजारो सामान्य ब्रिटिश माणसं वंशवादाविरुद्ध रस्त्यावर उभी राहिली. मामांच्या मनात मात्र पेटलेलं हॉटेलच राहिलं, कारण टीव्हीने त्यांना तेच पुन्हा पुन्हा दाखवलं होतं.

ऑस्ट्रेलियाचा धडा

२००९ साल आठवा. मेलबर्नमध्ये भारतीय विद्यार्थ्यांवर हल्ले झाले. ३१ मे रोजी हजारो विद्यार्थ्यांनी तिथे मोर्चा काढला. २०१० च्या जानेवारीत एका तरुणाचा भोसकून खून झाला. पोलीस सुरुवातीला वंशद्वेषाचं नाव घ्यायला तयार नव्हते, हेही खरं. इथल्या वाहिन्यांनी मात्र अख्खा ऑस्ट्रेलिया खुनी ठरवून टाकला. अमिताभ बच्चन यांनी तिथल्या विद्यापीठाची मानद पदवी नाकारली. ऑस्ट्रेलियन क्रिकेटपटूंना महाराष्ट्रात खेळू देणार नाही, असं शिवसेनेने जाहीर केलं. त्याच महाराष्ट्रात, जेमतेम सव्वा वर्षापूर्वी, रेल्वेभरतीच्या परीक्षेला आलेल्या उत्तर भारतीय पोरांना मनसेच्या कार्यकर्त्यांनी परीक्षा केंद्रांवर मारलं होतं. वंशद्वेषावर प्रवचन देताना ते कुणालाच आठवलं नाही.

पुढे २०११ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या गुन्हेशास्त्र संस्थेने २००५ ते २००९ या काळाचा अभ्यास प्रसिद्ध केला. बहुतेक राज्यांत भारतीय विद्यार्थ्यांना मारहाण होण्याचं प्रमाण तिथल्या सर्वसाधारण लोकांएवढंच किंवा त्याहून कमी निघालं. लुटीचं प्रमाण मात्र मोठ्या राज्यांत जास्त होतं. का? ही मुलं रात्री पेट्रोल पंपावर, दुकानात, टॅक्सीवर काम करत होती, स्वस्त भाड्यासाठी शहराच्या कडेला राहत होती आणि शेवटच्या ट्रेनने एकटी परतत होती. वंशद्वेष किती होता, हे त्या आकड्यांवरून ठामपणे सांगता येत नव्हतं. तो नव्हताच, असंही त्यातून सिद्ध होत नव्हतं.

साथींनो, यातली लुटीची गोष्ट आपल्यासाठी फार महत्त्वाची आहे. धोका सगळ्या भारतीयांना सारखा नव्हता. ज्याच्या बापाने पैसे पाठवले तो रात्री खोलीवर झोपला होता. ज्याला पोट भरायचं होतं तो पंपावर उभा होता. शिष्यवृत्तीचा हप्ता चार महिने अडकला की आपलं पोरगंही त्याच पंपावर जाऊन उभं राहतं. म्हणजे त्याची सुरक्षितता परदेशातल्या पोलिसांइतकीच इथल्या फायलीच्या प्रवासावर अवलंबून असते. यावर कोणती वाहिनी चर्चासत्र घेते?

कुणाची जखम राष्ट्रीय?

आता दुसरी बाजू पाहू. २९ सप्टेंबर २००६ ला भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत एका बौद्ध कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. राष्ट्रीय माध्यमांना ती दिसायला जवळपास महिना लागला, तोही भंडारा-नागपुरात आपला समाज रस्त्यावर उतरला म्हणून. उतरल्यावर त्यामागे नक्षलवादी असल्याची शंका घेतली गेली. मेलबर्नची बातमी घरोघरी पोहोचायला एक दिवसही लागत नाही.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात अनुसूचित जातींवरील अत्याचाराचे ५७,५८२ गुन्हे नोंदले गेले. म्हणजे दिवसाला दीडशेहून अधिक, आणि तेही फक्त नोंदलेले. २०१६ मध्ये हैदराबादला रोहित वेमुला गेला. २०१९ मध्ये मुंबईत डॉ. पायल तडवी गेली. त्यानंतर 'मुलांना हैदराबाद-मुंबईला शिकायला पाठवू नका' अशी पट्टी कुणी चालवली? आपण स्वतः तरी पोरांना घरी बसवलं का? नाही बसवलं, आणि ते बरोबरच केलं. मग परदेशाच्या बाबतीतच आपली मोजपट्टी का बदलते?

कारण ती मोजपट्टी आपली नाहीच. परदेशातला भारतीय मारला गेला की मध्यमवर्गीय सवर्ण घराला आपलं पोरगं दिसतं, म्हणून ती राष्ट्राची जखम होते. आपला माणूस गावात मारला गेला की ते 'गावातलं जुनं भांडण' असतं. ज्यांची भीती बातमी ठरते, त्यांच्या भीतीवर आपण आपल्या लेकरांचं भविष्य का ठरवावं?

सुरक्षित वाटणं म्हणजे काय

बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये लिहून ठेवलं आहे की परदेशातल्या वर्षांनी आपण अस्पृश्य असल्याची जाणीव त्यांच्या मनातून पुसून टाकली होती. ती परत आली १९१७ मध्ये, बडोद्यात. कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या त्या माणसाला राहायला खोली मिळेना. पारशी विश्रांतीगृहात ओळख लपवून दिवस काढले, तर लाठ्या घेतलेला जमाव दारात आला.

आज परदेशातली आपली मुलं 'इथं बरं वाटतं' म्हणतात, तेव्हा त्यामागे हाच अनुभव असतो. घरमालक आडनावावरून पुढचं विचारत नाही. मार्गदर्शक प्राध्यापक 'कोणत्या कोट्यातून?' म्हणत नाही. रस्त्यावर कुणी शिवी घातली तर ती कातडीच्या रंगावरून असते. ती वाईटच, पण पोलिसांत जाताना तक्रार घेणारा आपली जात काढेल ही धास्ती नसते.

तरीही या 'बरं वाटण्या'वर डोळे झाकून विसंबू नये. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनमधल्या भारतीय विद्यार्थ्यांना दूतावासाने निघायला सांगितलं, तरी बरेच जण थांबले. विद्यापीठं वर्ग चालू ठेवत होती, तिकिटं महाग होती, आजूबाजूचे लोक नेहमीसारखे वागत होते. २४ फेब्रुवारीला युद्ध सुरू झालं आणि १ मार्चला खारकीव्हमध्ये एक भारतीय विद्यार्थी मारला गेला. तिथे राहणाऱ्यालाही सगळं दिसत नसतं.

आणि एक धोका असा आहे जो टीव्हीही दाखवत नाही आणि मुलंही फोनवर सांगत नाहीत. तो म्हणजे विमानातून सोबत गेलेली जात. भारतीय मित्रमंडळात आडनाव विचारलं जातं, 'शाकाहारीच हवा' म्हणून खोली नाकारली जाते, आयटी कंपनीत आपलाच देशबांधव साहेब असतो. २०२० मध्ये कॅलिफोर्निया सरकारच्या विभागाने सिस्को कंपनीवर जातिभेदाचा दावा लावला. २१ फेब्रुवारी २०२३ ला सिएटल हे जातिभेदाला कायद्याने बंदी करणारं अमेरिकेतलं पहिलं शहर ठरलं. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने तसंच विधेयक मंजूर केलं, पण ७ ऑक्टोबरला राज्यपालांनी त्यावर नकाराधिकार वापरला. विरोध करणाऱ्यांत भारतीयांच्याच संघटना पुढे होत्या. 'परदेशातले भारतीय असुरक्षित' या पट्टीत हे भारतीय कधी बसत नाहीत.

मग करायचं काय?

घाबरायचं नाही आणि भुलायचंही नाही, विचारायचं. ज्या शहरात जायचं तिथे आधी गेलेल्या आपल्या किमान तिघांशी बोला, त्यात एक मुलगी असू द्या. 'कसं आहे?' हा प्रश्न निरुपयोगी आहे, त्याला 'छान' हेच उत्तर येतं. विचारा: रात्री किती वाजता परत येतेस, कशाने येतेस? खोली कुणासोबत आहे, मिळताना काय विचारलं? हप्ता वेळेवर आला का, नाही आला तेव्हा काय काम केलं? तक्रार कुठे केलीस, पुढे काय झालं? आडनाव बदलून सांगावं लागलं का? मग ही उत्तरं घेऊन आईबापांसमोर बसा, विहारात बसा, मोहल्ला बैठकीत बसा. फोनवर एकदा त्या मुलीचा आवाज आईला ऐकू द्या.

जे तिकडे आहेत त्यांनाही आमचं सांगणं आहे: घरच्यांना फक्त 'मी बरा आहे' सांगू नका. जे वाईट घडलं तेही सांगा. तुम्ही वाईट लपवलंत तर चांगल्यावरही कुणी विश्वास ठेवणार नाही आणि ती जागा टीव्ही भरून काढेल.

आणि कार्यकर्त्यांनी शिष्यवृत्तीच्या हप्त्यासाठी समाज कल्याण कार्यालयात पाठपुरावा करावा. परदेशातल्या आपल्या मुलाच्या सुरक्षिततेसाठी इथे बसून करता येण्यासारखं सगळ्यात ठोस काम तेच आहे.

पुढच्या वर्षीचे अर्ज निघतील तेव्हा आपल्या वस्तीतली एकही मुलगी एखाद्या चित्रफितीमुळे मागे राहता कामा नये.

जय भीम!