किल्ल्या तीन, यादी एक

वाचकहो, आपल्या मराठी शाळांच्या प्रशिक्षित शिक्षकांनी आपले प्रतिनिधी ऑनलाइन मतदानाने निवडावेत असे मंडळाने ठरवले, आणि नियमांचा मसुदा आमच्याकडे वाचायला आला. आठ पानी आहे. त्यातली सहा पाने पासवर्ड, सर्व्हर आणि लिंक यांवर खर्ची पडली आहेत. मतदार कोण, याला मात्र जेमतेम एक ओळ : ‘प्रमाणपत्रधारक शिक्षक’. आमच्या मते भांडण होईल ते याच ओळीवरून.

आपल्याकडे पंधरा-पंधरा वर्षे रविवारची सकाळ बालवर्गाला देणाऱ्या मावश्या आहेत; प्रशिक्षणाचा वर्ग त्यांनी कधी केला नाही. उलट, प्रमाणपत्र हातात पडल्यावर पुढच्या रविवारपासून न फिरकलेली मंडळीही आहेत. मसुद्याप्रमाणे या दुसऱ्यांना मत आहे, मावशींना नाही!

महाराष्ट्राच्या विधान परिषदेत ७८ पैकी ७ जागा शिक्षक मतदारसंघांच्या आहेत. तिथला मतदार ठरवताना कायदा पदवी विचारत नाही, शिकवल्याची वर्षे विचारतो. मागच्या ६ वर्षांत एकूण ३ वर्षे तरी, माध्यमिक किंवा त्यावरच्या संस्थेत शिकवलेले हवे. (प्राथमिक शिक्षक त्यातून वगळले गेले, हे दुखणे जुनेच.) शिवाय यादी दर निवडणुकीला नव्याने होते, मागच्या वेळी नाव होते म्हणून निर्धास्त राहता येत नाही. आपणही प्रमाणपत्र किंवा तीन वर्षांचा हजेरीपट, दोन्हींपैकी काहीही चालवावे, आणि गेल्या वर्षभरात शिकवलेले असावे एवढी अट घालावी. यादी महिनाभर आधी सर्वांना दाखवावी, हरकती ऐकाव्यात आणि मग तिला कुलूप घालावे. उमेदवार कोण हे कळल्यावर एक नाव घालायचे नाही, की काढायचे नाही.

आता ईमेल. कितीतरी घरांत नवरा-बायको दोघेही शिकवतात आणि पत्ता एकच, तोही बहुधा ‘ह्यांचा’. मतदानाची लिंक त्या पत्त्यावर गेली की दोन मते कोण देणार, हे सांगायला नको. प्रत्येकाचा पत्ता वेगळा हवाच. पण तेवढ्याने भागत नाही. कागदी मतदानाला निदान आडोसा असतो; घरी कॉम्प्युटरसमोर बसल्यावर खांद्यावरून कोण डोकावतेय, ते निवडणूक अधिकाऱ्याला कसे दिसणार? एस्टोनियात २००५ पासून इंटरनेटवर मतदान होते. तिथे मुदतीत पुन्हा मत देता येते आणि शेवटचे तेवढे धरतात. कुणी भीड घातली तर त्याच्यासमोर द्यावे आणि तो गेल्यावर बदलावे! ही सोय आपण जशीच्या तशी घ्यावी. निकालही शाळावार जाहीर करू नये. दोन शिक्षकांच्या शाळेत कसली आली आहे गुप्तता?

मतपेटी उघडण्याच्या किल्लीबद्दल मसुदा म्हणतो, ‘ती तीन विश्वस्तांकडे वाटून असेल व तिघांचीही लागेल’. ऐकायला भक्कम वाटते. पण इंटरनॅशनल असोसिएशन फॉर क्रिप्टॉलॉजिक रिसर्च या संस्थेने २०२५ साली नेमके असेच केले होते. तिघांपैकी एका विश्वस्ताची किल्ली कायमची हरवली, निकाल उघडताच येईना, आणि निवडणूक पुन्हा घ्यावी लागली. ही संस्था कुणाची, तर सांकेतिक कुलुपांवर संशोधन करणाऱ्या विद्वानांची! मग त्यांनी तिघांपैकी कोणत्याही दोघांच्या किल्ल्या पुरतील असा नियम केला. आपल्याकडे तर विश्वस्त मंडळी दोन-दोन महिने पुण्याला जाऊन बसतात. दोन किल्ल्यांचाच नियम बरा.

‘रात्री बारापर्यंत’ असेही एके ठिकाणी लिहिले आहे. कुणाचे बारा? न्यू जर्सीत बारा वाजतात तेव्हा कॅलिफोर्नियात मंडळी जेवून उठत असतात. पूर्व किनाऱ्याची वेळ असे स्पष्ट लिहा, आणि नोव्हेंबरमध्ये घड्याळे मागे जातात तो रविवार टाळा.

समसमान मते पडली तर चिठ्ठी टाकावी, हे मसुद्यात आहे. आमची हरकत नाही. मात्र चिठ्ठी दोन्ही उमेदवारांच्या देखत उचलावी, झूमवर का होईना. मसुद्याची प्रत प्रत्येक शाळेत ठेवली आहे. तुमच्या शाळेतल्या मावशींना ती आधी वाचायला द्या.