सत्तावन्न पुरी झाल्यावर

वाकडहून देहूरोड जवळच. तेथल्या विहारातील बुद्धमूर्ती बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी बसविली. तेथे गेले की मला घटनाकारांपेक्षा संसारी बाबासाहेबच आठवतात. रमाबाई १९३५ साली गेल्या. पुढे प्रकृती ढासळली, आणि औषधोपचार करणाऱ्या डॉ. शारदा कबीर यांच्याशीच १५ एप्रिल १९४८ रोजी, म्हणजे सत्तावन्न पुरी झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, त्यांनी लग्न केले. लोक कुजबुजले, कुजबुजोत बापडे! मॅट्रिक झाल्यावर केळुसकर गुरुजींनी भेट दिलेल्या बुद्धचरित्राचे बीही आता वर येत होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात दोघांनी एकत्रच दीक्षा घेतली. त्यानंतर सहवास उरला होता तो दोन महिन्यांहूनही कमी. माईसाहेब मात्र २००३ पर्यंत जगल्या.