कबुतराची पत्रिका

माणसाने आयुष्यात दोन गोष्टी कधी करू नयेत. एक, दुसऱ्याच्या कर्जाला जामीन राहू नये. आणि दोन, कबुतरवाल्याच्या गच्चीवर चहाला जाऊ नये. मी बँकेत कारकून असल्यामुळे पहिली गोष्ट मला पगार देऊन शिकवलेली आहे. दुसरीबद्दल मात्र बी.कॉम.च्या अभ्यासक्रमात अवाक्षर नव्हतं. त्यामुळे मी गेलो, आणि कपातला चहा निवायच्या आत पहिलीही हातून घडते की काय अशी वेळ आली.

आम्ही कांजूरमार्गला राहतो. पूर्वेला. फास्ट लोकल आमच्या स्टेशनकडे मान वळवूनसुद्धा बघत नाही. आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर एका गृहस्थांची कबुतरांची ढाबळ आहे. वयाने साठीच्या पुढचे, कारखान्यातून निवृत्त झालेले. सगळी बिल्डिंग त्यांना मामा म्हणते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये महापालिकेने दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री घातली, तेव्हापासून मामांना जिन्यात कोणी ना कोणी अडवतंच. मामांचं उत्तर ठरलेलं. "ती फुकट दाणे खाणारी. माझी नोकरीवाली आहेत!"

नोकरी म्हणजे घरी परत येण्याची. मामांची कबुतरं 'होमर' जातीची. मुंबईतला जुना शौक तो वेगळा. त्यात कबुतर आपल्याच गच्चीवर उंच चढवायचं आणि किती तास वर राहतं ते मोजायचं. होमरला टोपलीत घालून लांब नेऊन सोडायचं आणि तो किती वेळात घर गाठतो ते बघायचं. चेन्नईला आणि बंगळूरला याच्या शर्यतींचे क्लब आहेत.

तर त्या दिवशी मामांनी चहाबरोबर माझ्यापुढे एक कागद ठेवला. वर ठळक अक्षरांत 'जान्सेन'. खाली बाप, आजोबा, पणजोबा, प्रत्येकाच्या पायातल्या कडीच्या नंबरासकट. आमच्या गावच्या सातबाऱ्यावर एवढी नावं नाहीत.

"जोडी आहे. पंचवीस हजार म्हणतो," मामा म्हणाले. "पतपेढीतून उचलतोय. जामीन म्हणून तुमची तेवढी सही..."

आणि इथून माझ्या वादाला तोंड फुटलं. तो वाद मामांशी नव्हता. या कागदाशी होता, आणि अजूनही आहे.

जान्सेन कोण, हे आधी सांगतो. बेल्जियममध्ये आरेंडोंक नावाचं गाव आहे. तिथल्या जान्सेन बंधूंची कबुतरं विसाव्या शतकात इतकी गाजली की जगभरच्या ढाबळींत 'आमच्याकडे जान्सेन आहे' असं सांगणं म्हणजे 'आमचे आजोबा टिळकांच्या मांडीवर खेळलेले' असं सांगण्यासारखं झालं. अशी घराणी पुष्कळ आहेत. एक फ्रान्समधल्या पॉल सिऑन यांचं आहे. त्यांच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग थेट आपल्या सायन स्टेशनचं. कागदावर ते वाचून मी मामांना म्हटलंही, "एवढ्या लांबून कशाला? सायन स्लो लोकलने पाऊण तासाच्या आत येतं." मामा हसले नाहीत. घराण्याच्या बाबतीत माणसं हसत नाहीत.

आता हिशेब बघा. आरेंडोंकच्या अस्सल नराची जोडी दुसऱ्याच कबुतरीशी लावली, तर पिल्लात जान्सेन पन्नास टक्के. पुढच्या पिढीत पुन्हा बाहेरची सोयरीक, पंचवीस टक्के. मग साडेबारा, मग सव्वासहा, आणि पाचव्या पिढीला तीन टक्क्यांच्या थोडं वर. यालाच आम्ही वाणिज्य शाखेचे लोक घसारा म्हणतो. दरसाल पन्नास टक्के घसरणारं यंत्र पाच वर्षांनी कोणी मूळ किमतीला विकायला काढलं, तर ऑडिटर त्याला खुर्चीसुद्धा देणार नाही. कबुतराच्या बाबतीत मात्र आपण पणजोबांची किंमत मोजतो आणि पणतू घरी आणतो.

मला रक्त नाकारायचं नाही. चांगल्या आईबापांची पिल्लं चांगली निघण्याचा संभव जास्त, हे कोणीही मान्य करील. पण आईबाप वेगळे आणि आडनाव वेगळं. शिवाय खुद्द जान्सेन बंधूंचं नाव झालं ते प्रामुख्याने कमी पल्ल्याच्या शर्यतींत. म्हणजे कागद अगदी खरा असला, तरी त्यावर विसंबून पाचशे किलोमीटरची शर्यत जिंकायला निघणं म्हणजे शंभर मीटर धावणाऱ्याचा नातू म्हणून एखाद्याला पंढरपूरच्या पायी वारीत पहिला नंबर देण्यासारखं आहे.

मग मामांनी दुसरं हत्यार काढलं. सोनाराचं भिंग. "डोळा बघा. बुबुळाभोवतीचं वर्तुळ बघितलंत? हा पक्षी शर्यतीचाच." हे डोळा बघणं कबुतरवाल्यांत जगभर चालतं. मीही भिंगातून बघितलं. मला एक कबुतर दिसलं, आणि ते माझ्याकडे मी कर्जदारांकडे बघतो तसं बघत होतं. अहो, बुबुळातल्या वर्तुळावरून निकाल कळत असता, तर टोपल्या भरून दीडशे कोसांवर न्यायच्याच कशाला? सगळ्या कबुतरांना एका डोळ्यांच्या डॉक्टरकडे रांगेत बसवून बक्षिसं वाटून टाकली असती.

शर्यतीचा निकाल लागतो तो हिशेबाने, आणि तो हिशेब कारकुनाला आवडावा इतका सरळ आहे. सगळे पक्षी एका ठिकाणाहून सोडतात. पण घरं निरनिराळ्या अंतरांवर असतात. म्हणून अंतराला वेळेने भागायचं. समजा कर्जतला सोडले. आमची गच्ची तिथून हवेतून ४८ किलोमीटर. पक्षी ४० मिनिटांत आला, तर मिनिटाला १२०० मीटर. दादरची गच्ची ५२ किलोमीटर. तिथला पक्षी ४२ मिनिटांत आला, तर १२३८. म्हणजे दोन मिनिटं उशिरा येऊन दादरवाला जिंकला. या भागाकारात आजोबांना कुठेही रकाना नाही. (सवयीने मी माझाही वेग काढला. सीएसएमटी ते कांजूरमार्ग साधारण २५ किलोमीटर, स्लो लोकलने ५० मिनिटं. मिनिटाला ५०० मीटर. ही म्हणाली, "त्यात भाजी घ्यायला थांबता ते धरलंत का?")

म्हणून मी मामांना अट घातली. आधी परीक्षा, मग सही. पण ही नवी जोडी सोडून भागणार नव्हतं. होमर जिथे वाढतो तिथेच परत जातो. विकत आणलेलं मोठं कबुतर मोकळं सोडलं तर ते बहुधा विकणाऱ्याच्याच गच्चीवर जाऊन बसणार. सोडल्याबरोबर दुकानदाराकडे परत जाणारा माल मी तरी दुसरा पाहिलेला नाही. सुदैवाने मामांनी त्याच माणसाकडून गेल्या वर्षी त्याच घराण्याची दोन पिल्लं आणली होती आणि ती इथेच वाढली होती. त्यांच्यासमोर मी उभी केली 'भंगारवाली'. ही एक साधी करडी मादी. भंगारवाल्याच्या दुकानात अंड्यातून निघाली, पिल्लू असताना मामांनी उचलून आणली, म्हणून हे नाव. हिची पत्रिका म्हणजे तिच्याबरोबर आलेली बिस्किटाच्या खोक्याची पुठ्ठी.

कल्याण, बदलापूर असा सराव आधीच झाला होता. पाच रविवार मामा पहाटे टोपली घेऊन लोकलच्या मालडब्यातून कर्जतला गेले आणि मी गच्चीवर वही-घड्याळ घेऊन बसलो. पाचांपैकी चार वेळा भंगारवाली पहिली. घराण्यातला एक पक्षी दर खेपेस तिच्या मागून पंधरा-वीस मिनिटांनी आला. दुसरा तिसऱ्या रविवारी आलाच नाही.

त्या संध्याकाळी मी मुद्दाम वर गेलो होतो, चार शब्द सुनवायला. मामा काळोखात उभे होते. दाण्यांचा डबा खुळखुळवत होते आणि खाडीच्या दिशेने शिट्टी घालत होते. मी वही पाठीमागे धरली आणि खाली आलो. साडेदहापर्यंत डबा वाजत होता.

दुसऱ्या दिवशी मामा म्हणाले, "रक्त चांगलंच होतं हो. घार आली असेल." घराण्याचं हे असं असतं. जिंकलं तर रक्त, हरलं तर घार.

मग भंगारवाली का जिंकली? मामांना ते ठाऊक होतं, फक्त सांगायचं नव्हतं. त्या दिवसांत ती अंड्यांवर बसलेली होती. बेल्जियममध्येसुद्धा नराला शर्यतीआधी मादीपासून वेगळं ठेवण्याची पद्धत आहे; ओढ लागली की पंख आपोआप चालतात. वाटेचं म्हणाल तर सूर्य, पृथ्वीचं चुंबकत्व, वास, असं बरंच काही कबुतर वापरतं म्हणतात. वासाचा मुद्दा इटलीतल्या पिसाच्या शास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात मांडला. तो खरा असेल तर आमच्या डम्पिंग ग्राउंडमुळे कांजूरमार्गच्या कबुतराने जगात कुठेही चुकता कामा नये. ऑक्सफर्डच्या लोकांनी तर कबुतरं रस्त्यांवरून, वळणांवर वळत घरी येतात हे २००४ साली दाखवलं. तेव्हा पक्ष्याची कुवत म्हणजे तब्येत, सराव, वारा, वाटेची ओळख आणि घराची ओढ. यातलं काय त्या कागदावर लिहिलं होतं?

ओडिशा पोलिसांनी १९४६ पासून बेल्जियन होमर पाळले. पूर आला, तारा तुटल्या की चिठ्ठ्या तेच नेत. १९४८ साली नेहरूंचा निरोप संबळपूरहून कटकला कबुतराने पोचवला. तिथे कसोटी एकच होती, चिठ्ठी पोचली की नाही. आणि २०२० साली 'न्यू किम' नावाच्या बेल्जियन मादीला लिलावात सोळा लाख युरो आले, म्हणजे चौदा कोटींच्या आसपास, तेसुद्धा २०१८ साली तिने स्वतः मैदान मारलं होतं म्हणून.

शिक्क्यांवर विसंबलं की काय होतं ते आमच्या शेजारी चेंबूरने दाखवलं. मे २०२३ मध्ये पीरपाव जेट्टीवर एक कबुतर सापडलं. पायात दोन कड्या, पंखांखाली चिनी वाटणारी अक्षरं. झालं, हेर! आठ महिने ते परळच्या जनावरांच्या इस्पितळात अडकून होतं. शेवटी कळलं की ते तैवानच्या समुद्री शर्यतीतलं वाट चुकलेलं कबुतर. जानेवारी २०२४ च्या अखेरीला त्याला सोडलं. कड्या पक्क्या, शिक्के पक्के, फक्त घर हुकलं. आणि आपण शिक्के वाचून त्याला गुन्हेगार ठरवलं. शिक्का वाचून विजेता ठरवणं ही त्याच चुकीची दुसरी बाजू.

आता एक कबुली. हा वाद मी एवढा तावातावाने घालतो याचं कारण बँकेत मी हेच करत आलो. दोन कर्जप्रकरणं माझ्या टेबलावरून एकाच महिन्यात गेली. एकात आडनाव वजनदार, पत्ता वजनदार. ते मी उभ्या उभ्या पुढे सरकवलं. दुसऱ्यात आमच्याच स्टेशनबाहेर भाजी विकणारी बाई. तिच्या कागदांत मी तीनदा खोट काढली, तीन खेपा घालायला लावल्या. पहिलं कर्ज थकलं. बाईचा हप्ता एकदाही चुकला नाही, शेवटचा तर चार दिवस आधी आला. आजही मी तिच्याकडूनच भाजी घेतो. ती मापात कोथिंबीर वर घालते आणि मला ते फार लागतं.

डार्विनसाहेब स्वतः कबुतरं पाळायचे, लंडनच्या कबुतरवाल्यांच्या क्लबांत जाऊन बसायचे. आणि ही सगळी घराणी एकाच रानपारव्यापासून निघाली, असं त्यांनी १८५९ च्या ग्रंथात लिहून ठेवलं. म्हणजे दादरच्या ताडपत्रीखालचे आणि आरेंडोंकचे मूळचे भाऊबंदच.

मामांनी जोडी घेतली नाही. पतपेढीचे पैसे ढाबळीच्या नव्या जाळीसाठी घेतले, बारा हजार, आणि मी सही केली. भंगारवालीची पिल्लं मोठी झाली आहेत. परवा भांडुपहून एक जण ती बघायला आला. त्याने पहिला प्रश्न विचारला, "घराणं कुठलं?" मामा क्षणभर थांबले आणि डोळा न लववता म्हणाले, "कांजूर."

रात्री मामा माझ्याकडे कागद घेऊन आले. "तुमचं अक्षर चांगलं आहे. 'कांजूर घराणं' म्हणून जरा छान लिहून द्या ना, तीन पिढ्यांचं!"

मी लिहून दिलं. पाच रविवारच्या वेळा, मिनिटांसकट. आजोबांच्या रकान्यात रेघ मारली.