माझ्या लॅपटॉपवर तर चालतंय!

वेब डेव्हलपरचं हे आवडतं उत्तर. पण भंडारा जिल्ह्यात वेबसाइट उघडते ती मुख्यतः मोबाइलवर. पवनी-लाखांदूरकडचा शेतकरी सातबारा पाहतो किंवा धानविक्रीच्या नोंदणीत अडकतो, तो स्टोरेज भरलेल्या, काचेला तडा गेलेल्या फोनवर.

२०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला. फोन मात्र मुलाकडून वडिलांकडे वारशाने उलटा जात राहिला. अशा जुन्या फोनचं दुखणं फक्त संथपणाचं नसतं. असंख्य वेबसाइट 'लेट्स एन्क्रिप्ट'चं मोफत सुरक्षा-प्रमाणपत्र वापरतात. त्याचं मूळ प्रमाणपत्र अँड्रॉइड ७.१.१ च्या आधीच्या फोनना ठाऊकच नाही. त्यांच्यासाठीची तात्पुरती सोय सप्टेंबर २०२४ मध्ये संपली. ब्राउझरही जुनाच असेल, तर पडद्यावर धोक्याचा इशारा येतो आणि माणसाला वाटतं, आपलंच काही चुकलं. (फायरफॉक्स विश्वासार्ह प्रमाणपत्रांची यादी स्वतःजवळ बाळगतो, म्हणून तिथे बऱ्याचदा निभावतं.)

डेव्हलपरला यातलं काही दिसत नाही. त्याच्याकडे ऑफिसचा लॅपटॉप, घरचं वायफाय. फोन हातात येतो तो लॉगिनचा ओटीपी बघायला, नाहीतर रात्री साहेबांच्या मेसेजला उत्तर द्यायला. क्रोममध्ये संथ नेटवर्कचं सोंग आणता येतं, पण ते बटण दाबायला सवड कुणाला?

वेबसाइटचं कंत्राट देणाऱ्या कार्यालयांनी करारातच अट घालावी: जुन्या फोनवर, मोबाइल डेटावर, अख्खा अर्ज शेवटपर्यंत भरून दाखवा, मगच बिल.