पदर उलटून पाहा

आपल्या छत्रपती संभाजीनगराहून पैठण अवघें ५० किलोमीटरांच्या आसपास; तथापि पैठणी विणली जात असतांना आपल्यापैकीं किती जणांनीं पाहिली असेल? हातमागाच्या पैठणीचा पदर दोन्ही बाजूंनीं सारखाच दिसतो. कारण प्रत्येक रंगाचा धागा आपल्या नक्षीपुरताच फिरून शेजारच्या धाग्यांत गुंफलेला असतो. यंत्रमागावर नक्षी झपाट्यानें उठते; परंतु मागें बहुधा सुटे धागे दिसतात.

म्हणून यंत्रास दूषण देणें मला पटत नाहीं. ज्या घरास हातमागाची पैठणी परवडत नाहीं, त्या घरचा सण यंत्राच्या साडीनें साजरा होतो, हें इष्टच आहे. दोष आहे तो यंत्राच्या कापडास हाताचें नांव देण्यांत. विणकराचे कित्येक आठवडे आणि यंत्राचे थोडे तास एकाच नांवानें विकले गेले, तर पोट कोणाचें मारलें जाईल? अशा विणकराचा मुलगा मागावर कां बसेल?

सरकारनें १९८५ सालीं कायद्यानें कांहीं वस्त्रप्रकार हातमागासाठीं राखून ठेविले. २०१० सालीं पैठणीस भौगोलिक मानांकन मिळालें. हे उपाय योग्यच होत. परंतु नोंदवहींतला कायदा दुकानाच्या गादीवर आपण होऊन बोलत नाहीं. त्यास गिऱ्हाइकाच्या प्रश्नाची जोड लागते.

विद्यार्थिमित्रहो, घरीं लग्नाचा बस्ता बांधावयाचा असेल, तेव्हां पदर उलटून पाहा आणि विचारा, “ही हातमागाची कीं यंत्रमागाची?” मग ऐपतीप्रमाणें कोणतीही घ्या, मात्र खऱ्या नांवानें घ्या.