कुलवृत्तांताच्या मुखपृष्ठावरून ढाल-तलवार उतरवा!

वंशावळी शोधणाऱ्या, कुलवृत्तांत छापणाऱ्या आणि कुलसंमेलने भरवणाऱ्या सर्व बंधू-भगिनींस,



अलीकडे निघालेला एखादा कुलवृत्तांत हातात घ्या. आत गोत्र, कुलदैवत, मूळ गाव, घराण्याच्या शाखा, पिढ्यांचे तक्ते. कोणीतरी वर्षानुवर्षे पदरमोड करून, गावोगाव हिंडून जमवलेली माहिती. आणि मुखपृष्ठावर? मध्ये ढाल, दोन्ही अंगांना सिंह, मागे तिरप्या तलवारी, खाली फितीवर संस्कृत वचन. हे ‘आमचे कुलचिन्ह’ म्हणे. ते कोणी दिले, कोणाला दिले, कोणत्या साली दिले, याबद्दल पुस्तकभर एक ओळ सापडत नाही. हेच चित्र मग संमेलनाच्या फलकावर, स्मृतिचिन्हावर आणि लग्नपत्रिकेवर जाते. पुढची पिढी ते पिढीजात म्हणून स्वीकारते.

आमचे म्हणणे सरळ आहे. ज्या चिन्हाचा कागद, शिक्का किंवा शिलालेख आपल्याजवळ नाही, ते वंशसंशोधकाने वापरू नये. जे खरोखर सापडले आहे, ते पुरावा म्हणून आतल्या पानात छापावे. घराण्याची शोभा म्हणून बाहेर मिरवू नये.

ही ढालीची तऱ्हा ज्या युरोपातून आली, तिथले नियम आधी पाहू. इंग्लंडमध्ये अशी चिन्हे देण्याचा आणि नोंदण्याचा अधिकार लंडनच्या ‘कॉलेज ऑफ आर्म्स’कडे आहे. ही संस्था 1484 पासूनची. तिचे स्वतःचेच सांगणे आहे की आडनावाला चिन्ह नसते. चिन्ह मिळते ते एका व्यक्तीला, आणि पुढे सरकते ते तिच्या सिद्ध झालेल्या वंशात. स्कॉटलंडमध्ये तर दुसऱ्याचे चिन्ह वापरणे हा गुन्हा आहे. तरीही जगभर आडनाव विचारून ‘तुमच्या घराण्याची ढाल’ चौकटीत घालून विकणारे दुकानदार आहेत. परदेशात वाढलेल्या आपल्या मुलांच्या भिंतींवरही ती आता दिसू लागली आहे.

आपल्याकडे या ढाली आल्या कशा, हेही माहीत असू द्या. 1 जानेवारी 1877 रोजी दिल्लीत व्हाइसरॉय लॉर्ड लिटनचा दरबार भरला आणि व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याची घोषणा झाली. त्या वेळी संस्थानिकांना मोठमोठी रेशमी निशाणे देण्यात आली. त्यांवरची चिन्हे बंगालच्या मुलकी नोकरीतल्या रॉबर्ट टेलर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने युरोपीय पद्धतीने रचली होती. एकेक निशाण इतके जड होते की ते पेलायला दोन धिप्पाड स्कॉटिश शिपाई लागत, असे खुद्द लिटनने कळवले आहे. आज ज्या घाटाला आपण प्राचीन क्षात्रपरंपरा समजून नमस्कार करतो, तो या दरबाराने रुजवला. मांडलिकांना साम्राज्याच्या उतरंडीत बसवण्याची ती योजना होती. संस्थानांच्या इतिहासात या चिन्हांना जरूर स्थान आहे. शेतकऱ्याच्या, कारकुनाच्या किंवा भिक्षुकाच्या वंशावळीत त्यांचे काय काम?

आडनाव सारखे म्हणजे वंश एक, ही समजूत तर महाराष्ट्रात क्षणभर टिकणारी नाही. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड आणि नाशिकच्या काळाराम मंदिर सत्याग्रहातले कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांचे आडनाव एकच आहे. शिंदे, पवार, जाधव, मोरे ही आडनावे किती जातींत, किती गावांत विखुरलेली आहेत! ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या चिन्हातले नाग राज्यातल्या प्रत्येक शिंदे कुटुंबाने दारावर लावले, तर त्यातून कोणाचा वंश सिद्ध होणार? मराठ्यांच्या शहाण्णव कुळांच्या याद्यांत कुळागणिक निशाणाचा रंग दिलेला असतो, असे सांगितले जाईल. त्या याद्या शेजारी शेजारी ठेवून वाचा. एकीचा मेळ दुसरीशी बसत नाही.

गोव्यात ही चूक अधिक बोचते. सोळाव्या शतकात बाप्तिस्मा घेणाऱ्या कुटुंबांना पाद्र्याचे किंवा धर्मपित्याचे आडनाव मिळे. डिसोझा, फर्नांडिस, परेरा ही नावे अशीच आली. अशा घरातल्या नातवाने पोर्तुगालमधल्या सोझा सरदारांची ढाल विकत घेऊन दिवाणखान्यात लावली, तर तो आपल्या खऱ्या पूर्वजांना दुसऱ्यांदा पुसून टाकतो. ते पूर्वज गावकारीच्या म्हणजे जुन्या गावसंस्थेच्या कागदांत, वांगडांच्या म्हणजे गावकारांच्या कुळगटांच्या नोंदींत आणि चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वह्यांत आहेत. गोव्याचे पुराभिलेखागार 1595 पासूनचे आहे. तिथे बसून कागद चाळायला वेळ लागतो, ढाल घरपोच येते. संशोधक म्हणवून घेणाऱ्याने यांतले काय निवडावे, हे वेगळे सांगायला नको.

आणखी एक गोष्ट मनावर दगड ठेवून लिहितो. शिवछत्रपतींची अष्टकोनी राजमुद्रा कित्येक घराण्यांनी कुलवृत्तांतावर छापली आहे. त्यामागचा भक्तिभाव आम्हाला कळतो, तो आमच्याही मनात आहे. पण ही मुद्रा शहाजीपुत्र शिवाजीची आहे, असे त्या मुद्रेतच कोरलेले आहे. संभाजी महाराजांनीसुद्धा ती वापरली नाही, त्यांची मुद्रा वेगळी. शिक्का हा त्या पुरुषाच्या अधिकाराची खूण होता. जो शिक्का मुलाने वापरला नाही, तो आपण आपल्या आडनावाखाली छापावा, हे महाराजांच्या आदरातही बसत नाही.

मग आपल्या पूर्वजांची खूण कुठे शोधायची? मराठेशाहीतला एखादा महजर उघडून पाहा. वतनाचा तंटा निवाड्याला आला की गावचे पाटील, कुलकर्णी, बलुतेदार गोतसभेत बसत आणि निकालाच्या कागदावर साक्षी घालत. ज्याला लिहिता येत नसे त्याच्या नावापुढे निशाणी असे. पाटलाच्या नावाशी नांगराची आकृती, कारागिरांच्या नावांशी त्यांच्या त्यांच्या हत्याराची. बोरूच्या चार-पाच फटकाऱ्यांत काढलेला नांगर. इसाडही ओळखू येते, रुमणेही. कागद पिवळा पडला, कडा वाळवीने खाल्ल्या, तरी तो नांगर शाबूत आहे. ज्याच्या घरात असा कागद निघेल, त्याने तो सगळाच्या सगळा छापावा, निशाणीसकट, तारखेसकट, मोडीच्या देवनागरी वाचनासकट. हजार सिंह त्या एका नांगरावरून ओवाळून टाकावेत.

त्र्यंबकेश्वर, काशी, गया इथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतही हेच धन आहे. गाव आणि आडनाव सांगितले की उपाध्ये लांबलचक वही उलगडतात. पणजोबा कोणाच्या अस्थी घेऊन आले होते, बरोबर कोण भाऊ होते, मुले किती, हे तिथे सापडते. कधी कधी पणजोबांच्या हातची सहीही असते. मराठा घराण्यांत देवक असते. कोणाचे पंचपल्लव, कोणाचे कळंब. लग्नात ते आजही बसवले जाते, सोयरीक जुळवताना आजही विचारले जाते. जे जिवंत आहे ते नोंदवायचे सोडून उसन्या ढाली कशाला?

‘थोडी सजावट केली तर बिघडले कुठे, मुलांना अभिमान वाटतो,’ असे काही मंडळी विचारतील. बिघडते ते असे. वंशावळ ही आता हौसेपुरती राहिलेली नाही. आरक्षणासाठी लागणाऱ्या कुणबी नोंदींसाठी हजारो कुटुंबे गाव नमुना 14, शाळेचे जुने दाखले, मोडीतली दफ्तरे धुंडाळत आहेत, आणि वंशावळीच्या एकेका नावावर मुलांचे शिक्षण अवलंबून आहे. ज्या पुस्तकाचे मुखपृष्ठच कल्पनेतून आले, त्याच्या आतल्या तक्त्यावर कोणत्या अभ्यासकाने विश्वास ठेवावा? शिवाय ढाल-तलवारीत कुळातल्या बायका कुठे आहेत? शेतमजूर, शिक्षक, गिरणी कामगार कुठे आहेत? घराणे त्यांनीही चालवले.

खऱ्या चिन्हांना आमचा विरोध नाही, हे पुन्हा सांगतो. जुन्या गोव्यातल्या सेंट फ्रान्सिस चर्चच्या फरशीत बसवलेल्या थडग्यांच्या शिळांवर घराण्यांच्या ढाली कोरलेल्या आहेत. त्या शिळेखाली निजलेल्या माणसाच्या वंशजाने त्या अवश्य छापाव्यात. सनद असेल, शिक्का असेल, वाड्याच्या चौकटीवर कोरीव खूण असेल, तर तिचे छायाचित्र, ठिकाण आणि काळ देऊन छापावी.

तेव्हा कुलमंडळांना आमचे आवाहन आहे: येत्या संमेलनात ठराव मांडा. पुढच्या आवृत्तीतून निराधार चिन्ह काढा आणि ते का काढले हे प्रस्तावनेत लिहा. त्या जागी मूळ गावाचा नकाशा द्या, किंवा घरातला सर्वांत जुना कागद द्या. चित्रकाराला द्यायचे पैसे मोडी वाचणाऱ्याला द्या.

आपले,
वंशावळींचे काही अभ्यासक

(हे पत्रक वाचून झाल्यावर आपल्या कुलमंडळाच्या कार्यवाहांच्या हाती द्यावे.)