पडणाऱ्याला लिहूही द्या

हॅल नीडहॅम हॉलिवूडचा नावाजलेला स्टंटमन. कामापायी त्याची हाडं अनेकदा मोडली. 'स्मोकी अँड द बँडिट'च्या कथेचं सहलेखन आणि दिग्दर्शन त्याचंच. १९७७ मध्ये हा चित्रपट अमेरिकेत तुफान चालला. पटकथा शिकवताना मी मुलांना तो आवर्जून दाखवते. गाडी कोण कशी पळवतो, यातूनच त्यातली माणसं कळतात. पाठलागाला कथा मानणारा माणूसच असं रचू शकतो.

अकादमीने २०१२ मध्ये नीडहॅमला मानद ऑस्कर दिलं. स्टंट डिझाइनचा स्वतंत्र पुरस्कार मात्र २०२८ पासून मिळणार आहे. सन्मान हवाच, पण तेवढ्यावर भागवू नका. मुंबईतल्या निर्मात्यांनो, पटकथेच्या पहिल्या बैठकीलाच फाइटरांना बोलवा आणि त्यांनी प्रसंग रचला, तर लेखक म्हणून श्रेय द्या.